सुईवर राहिलेलं कार्ड

८ जानेवारी १९७४, मंगळवार

ईश्वरप्पा पुन्हा आले. घरमालक, पण उंबऱ्याच्या आत पाय टाकत नाहीत, हा चांगुलपणा. बाहेरूनच म्हणाले, "अक्का, खोली सिद्रामप्पांच्या नावावर होती. ते गेले. आता वारसाचा दाखला आणा, न्हायतर खोली सोडावी लागंल."

लग्न होऊन आले ती याच खोलीत. वारसाचा दाखला म्हणजे काय? कोर्टात मिळतो म्हणाले. कुठल्या कोर्टात, ते त्यांनाही ठाऊक नाही. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत मी वाचायला शिकले. त्यात हा कागद कधी आला नाही.

९ जानेवारी

कोर्टात म्हणतात, आधी मृत्यूचा दाखला. म्युनिसिपालटीत विचारतात, मयत कुठे झाली? गावी. मग गावातून आणा.

हे गावी दिराकडे गेले होते, तिथेच वारले. आमच्यात बसवून पुरतात. आमच्याच शेतात, बांधाजवळ बसवलं. इथल्या स्मशानात देतात तशी चिठ्ठी देणारं तिथे कोणी नव्हतं. विभूती लावली, माती दिली, सगळे घरी आले. नोंद करायची असते हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्या तर नाहीच.

१३ जानेवारी

भावजी आले. बसलिंगप्पा, यांचे धाकटे भाऊ. अक्कलकोटच्या पलीकडून एस.टी.नं येतात, शेत टाकून, माझ्यासाठी. नोंदीचं विचारलं. "करतो की वैनी. ग्रामसेवक सापडत न्हाय." मागच्या खेपेलाही सापडला नव्हता.

मग म्हणाले, "कागदाबिगर हितं कसं ऱ्हाणार तुमी? गावाकडं चला. घरात माणसं हायत, म्हशी हायत. दादा बी तितंच हाय."

खरं आहे. हे तिथे शेतात आहेत. पण हे भिंतीला टेकून बसायचे तिथे डोक्याच्या तेलाचा डाग आहे, तो इथे आहे. मी गेले की ईश्वरप्पा चुना मारतील. दोन्हीकडे कशी राहू?

१५ जानेवारी

संक्रांतीच्या जत्रेचा गड्डा भरलाय. कचेऱ्या बंद. काही सुचत नाही.

२१ जानेवारी

शेजारची शिवबाई नवी पेठेत एका वकिलांकडे घेऊन गेली. मानसिंगराव. "स्वेटरच्या सुईनं कायदा हुडकतंय येडं," म्हणाली, "पण चावत न्हाय, चल."

टेबलावर लाकडी पेटी. आत जाड कार्डं, एका कार्डावर एक कायदा. कडेनं भोकं. एकेक भोक म्हणजे एकेक कागद — मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, सातबारा, असे. ज्या कायद्याला तो कागद लागतो, त्याच्या कार्डाचं ते भोक कडेपर्यंत कापलेलं. सगळा गठ्ठा धरायचा, भोकातून सुई घालायची, उचलायचं. कापलेली कार्डं खाली पडतात. वर्षानुवर्षं बसून स्वतःच कापली म्हणे.

वारसाच्या भोकात सुई घातली, हलवली. टपटप पडली काही. भाड्याच्या खोल्यांचा कायदा पडला नाही. सुईवरच लटकत राहिला.

म्हटलं, अडकलं.

ते हसले. "उलटं आहे, बाई. पडलं त्याला कागद लागतो. लटकलं त्याला लागत नाही. तुम्ही यजमानांबरोबर त्या खोलीत राहत होता ना? मग झालं. शेजारणीनं सांगितलं तरी चालेल."

"शेजारीण म्हंजे मी," शिवबाई म्हणाली. "लिवून घ्या. रोज भांडताना ऐकलंय दोगांना."

मी पुन्हा एकदा सुई घालायला लावली. तेच कार्ड लटकलं. तरी विश्वास बसेना. कागद लागतच नाही, तर मागतात कशाला?

२७ जानेवारी

भावजींना सांगितलं. वाटलं, खूश होतील. हातातला कप खाली ठेवला. चहा निवून गेला.

"वकिलाचं काय खरं? कार्डं तेनंच कापल्याली की."

तेही खरं. एखादं भोक कापायचं राहिलं असेल तर? कार्डाचं खरं धरायचं की माणसांचं? भावजी माझ्या वाईटावर थोडेच आहेत.

निघताना विचारलं, "ईश्वरप्पांला सांगितलं का?" अजून नाही म्हटलं. "नगा सांगू. मी बघतो."

२८ जानेवारी

राहवेना. ईश्वरप्पांच्या कापडाच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक होतं तरी विचारलं — कुठल्या कायद्यानं कागद मागता?

ईश्वरप्पांनी हातातलं कापड खाली ठेवलं. "मला कशाला पायजे कागद, अक्का? बसलिंगप्पा सांगून गेला. मागत ऱ्हावा म्हणाला, कटाळून गावाकडं येतील. एकटी ऱ्हाताय म्हणून घोर लागलाय त्याला."

घोर की आणखी काय, कळत नाही. रविवारी भावजी येतील. त्यांना जेवताना ताक लागतं. शनिवारी दुधाला विरजण लावायचं आहे.