भट्टीच्या दारावरचा पंजा

नवापूर
८ डिसेंबर २०२४

चि. चारुलतास,
अ. उ. आ.

फोनवर भेटत नाही म्हणून रागावू नकोस. कानातलं यंत्र आता नुसत्या शिट्ट्या मारतं. पत्र बरं, तू कितीही ओरडलीस तरी अक्षरं वाचता येतात.

आपल्या कौलांच्या कारखान्याचं धुराडं परवा पाडलं. बत्तीस वर्षं बंद होतं, अंगावर वडाची रोपं वाढवत उभं होतं बिचारं. पडताना आधी किंचित वाकलं, शाळेत कविता विसरलेल्या मुलासारखं, मग एकदम खाली बसलं. मी रस्त्यापलीकडे होतो. आवाज आला नाही, फक्त धूळ आली.

वाचनालयाची स्मरणिका निघते आहे. कारखान्याचा इतिहास माझ्याकडे दिलाय. हजेरी कारकून होतो, आणि त्या काळचा दुसरा कुणी उरला नाही. सुरुवात जमली आहे. रंगावली नदीकाठची लोण्यासारखी माती, भुजंगप्रयाताच्या ठेक्यात पडणारं कौलांचं दाबयंत्र, संध्याकाळी भट्टीच्या तोंडाशी उजळणारे चेहरे. भट्टीचं दार विटा रचून चिखलानं लिंपलं की लिंपणारा त्यावर आपला पंजा उमटवायचा, आणि ज्याचा पंजा त्यानंच भाजणीनंतर दार फोडायचं, तो रिवाजही घातला आहे. पंजा अखंड निघाला तर माल चांगला, असं म्हणत.

तू डबा घेऊन यायचीस तिथे. काय आठवतं ते कळव. नातीला, रुचिकाला आशीर्वाद. लोभ थोडा आटला तरी पत्रं आटू देऊ नकोस.

तुझा
नानाभाऊ (नवल)


म्हसावद
१७ डिसेंबर २०२४

ती. नानाभाऊंस,
सा. न. वि. वि.

पत्र रुचिकानं मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हणाली, आजी, किती सुंदर जागा असेल गं ती. तेव्हा मी चष्मा मागितला आणि पुन्हा स्वतः वाचलं.

मी अहिराणीत लिहिलं की तू लाल शाईनं दुरुस्त करून पत्र परत धाडायचास, म्हणून आजवर शाळेच्या भाषेत लिहीत आले. आज एकच वाक्य लिहिते, दुरुस्त करू नको: नानाभाऊ, तुन्हा लेखमा गोवाल कोठे शे?

मला आठवतं ते कळवते. त्र्याऐंशीची होळी. पहिल्या बाळंतपणाला मी तुझ्याकडे होते. तू उपरण्यात काहीतरी गुंडाळून आणलंस, वहिनीला हात लावू दिला नाहीस, धान्याच्या कोठीमागे ठेवलंस. तू बाहेर गेल्यावर मी उघडलं. भाजलेल्या चिखलाचा तुकडा, त्यावर पंजा, करंगळी अर्धीच. अर्ध्या करंगळीचा भट्टीवाला एकच होता, गोवाल.

गावात सांगितलं गेलं की गोवाल दारू पिऊन भट्टीत उबेला झोपायला शिरला आणि आतली कमान अंगावर आली. हजेरीत तो त्या दिवशी गैरहजर. हजेरी तुझ्या हातची. पण झोपायला शिरणारा माणूस दारावरचा पंजा जपून काढून ठेवतो का?

त्याची बायको दिवलीबाई अजून आहे. आमच्याकडे कापूस वेचायला येते ती रूपलीबाई त्यांच्याच पाड्याची. ती म्हणते, गोवालनं त्या साली होळीचं व्रत धरलं होतं, आणि व्रतात दारूला शिवत नाहीत. त्यानं व्रत बाटवलं म्हणून पुढची दोन वर्षं पाऊस रुसला, असं पाड्यानं ठरवलं. त्याच्या लखनला अजून होळीच्या नाचात घुंगरू बांधू देत नाहीत. पन्नाशीला आला तो.

धुराडं पडल्याचं वाईट वाटलं.

माया आहे म्हणून हे लिहिलं. नसती तर लेख छान म्हटलं असतं.

तुझी
चारू


नवापूर
२ जानेवारी २०२५

चि. चारुलतास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. आता सरळ लिहितो.

गोवाल त्या सकाळी गठुडं बांधून होळीसाठी पाड्याकडे निघाला होता. मालकाचा ट्रक दारात उभा. भट्टी निवायला पाच दिवस लागत, झाले होते तीन. मालक म्हणाला, उघडा. दुसरा कुणी फोडायला तयार नव्हता, पंजा गोवालचा. मी सायकलवर जाऊन त्याला अर्ध्या वाटेतून परत आणलं. तासाभराचं काम, म्हणालो. तो म्हणाला, साहेब, अजून निवली नाही. मी दारावर हात ठेवून पाहिलं, बरोबर त्याच्या पंज्यावर माझा पंजा. म्हणालो, थंड आहे. बाहेरचा चिखल थंडच होता.

त्यानं पंजा अखंड काढून माझ्या हातात दिला आणि आत गेला. गार वारा आत शिरला, वरच्या विटा सुटल्या. चिंचपाड्याच्या दवाखान्याकडे जीप काढली, पण तो वाटेतच गेला. संध्याकाळी मालकानं हजेरी मागवली. मी लिहिलं, गैरहजर. त्या पानावरचं माझं अक्षर फार सुरेख आहे, चारू.

हे सगळं लेखात घालतो आहे. वाचनालयाला नको असेल तर न छापोत. माझ्यावर रागाव, पण पत्र टाक.

नानाभाऊ


म्हसावद
११ जानेवारी २०२५

ती. नानाभाऊंस,
सा. न. वि. वि.

तू त्याला परत आणलंस हे मला ठाऊक नव्हतं.

पण लेख देऊन मोकळा होऊ नकोस. दिवलीबाईला वाचता येत नाही, आणि वाचनालयाची स्मरणिका डोंगर चढणार नाही. शाळेत कविता म्हणताना तू अवघड कडवं गाळून पुढे जायचास. मास्तर डोळे मिटून ऐकायचे म्हणून खपलं, आणि बक्षीसही तुलाच. आता पंजा घे आणि जा. थंडीची बंडी घाल.

रागावले आहे, पण वाट पाहते.

चारू


नवापूर
४ फेब्रुवारी २०२५

चि. चारुलतास,
अ. उ. आ.

जाऊन आलो.

लखननं मला ओळखलं नाही. नाव सांगितलं तेव्हा ओळखलं. दिवलीबाई अंगणात तूर पाखडत होती. मी उपरणं सोडलं. तिनं पंज्यावर हात फिरवला, अर्ध्या करंगळीशी अंगठा थांबला. मी सगळं सांगितलं, लखननं त्यांच्या बोलीत केलं. तिचं बोलणं तो माझ्या कानाशी तोंड आणून सांगत होता.

तिनं दोनच गोष्टी विचारल्या. शेवटी तो काय म्हणाला? जीपमध्ये त्यानं विचारलं होतं, पंजा साबूत राहिला ना. मी हो म्हटलं होतं. तेवढं सांगितलं. मग तिनं विचारलं, भट्टी थंड आहे असं कोण म्हणालं?

मी, म्हणालो.

तिनं पंजा पदरात घेतला आणि आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही. कुणी पाणी विचारलं नाही. त्या घरात अनोळखी माणसालासुद्धा आधी पाणी देतात.

लखन रस्त्यापर्यंत आला. म्हणाला, आईनं ऐकलं, मी ऐकलं, पाड्यानं नाही ऐकलं. होळीला या. मी ढोल थांबवायला लावतो, तेव्हा सगळ्यांसमोर सांगा. पुढं काय होईल ते मी सांगू शकत नाही.

होळी तेरा मार्चला आहे. मी जाणार. तू ये, आणि रूपलीबाईला सोबत आण. त्यांची बोली ती तुला समजावून सांगेल. मी बोललो की लोकही बोलतील, आणि मला नुसती तोंडं हलताना दिसतील. माझी खोड तुला माहीत आहे, मी त्यात क्षमा ऐकेन. म्हणून वही घेऊन शेजारी उभी राहा. जे म्हणतील ते उतरवून घे, शिव्या असतील तर शिव्या. एकही शब्द गाळू नकोस, आणि शुद्ध करू नकोस.

एवढं केलंस तर लोभ उरला आहे असं समजेन.

नवल