‘जी महाराज’ म्हणून न गेलेला

ता. २१ नोव्हें. ७१, रविवार
नाटकाची तालीम निम्मीच. राजा झालेला कारखान्यात ओव्हरटाइमला, फितूर भाऊ झालेला पाळीवरून आला तो खुर्चीतच झोपला. मग राजाची वाक्यंही मीच म्हटली, सेवकाची तर माझीच. शेवटचा अंक. राज्य गेलेलं, सैन्य पळालेलं. राजा म्हणून ओरडलो, “जा, जीव वाचव!” सेवक म्हणून म्हटलं, “जी महाराज.” आता आत जायचं. पण राजाची पुढची वाक्यंही मलाच म्हणायची! उभाच राहिलो. सेवक गेलाच नाही. अरे, असंच हवं!

ता. २२
झोप कसली! शाळेत शिकवायचो तेव्हा या पात्राबद्दल ‘आज्ञाधारक सेवक’ एवढ्यावर मी पूर्ण गुण द्यायचो. पण काल तो आज्ञा मोडून थांबला, तेव्हाच तर...
अशोक डबल पाळी करून आला. “बाबा, पुढच्या सोमवारच्या बसचं तिकीट काढलं. ताईकडे जा नागपूरला. लढाई लागली तर पहिला नेम ह्या दारूगोळ्याच्या कारखान्यावरच.” सूनबाई, मुलं आधीच गेलीत. मीही गेलो की हा इथे एकटा. प्रयोग तर ५ डिसें.ला!

ता. २५
देवपुजारी (दिग्दर्शक, पण बोलतो कारखान्यातल्या चार्जमनसारखाच): “मास्तर, राजा जा म्हणते तर जा ना! उभे काहून राहून राहिले?”
म्हटलं, “हा गेला तर राजाचा हुकूम ऐकायला उरतं कोण? राजा राजा आहे तो ह्या एकट्यामुळे!”
“अच्छा, रविवारी दाखवा करून. पण तुम्ही तर सोमवारी चालले म्हणतात?”
मी पुन्हा “जी महाराज”पासून सुरू केलं.

ता. २८, रविवार
दाखवलं! आज खरा राजा हजर, खाकी कपड्यांतच. “जी महाराज” म्हटलं नि हललो नाही. तो गडबडला, माझ्याकडे पाहतच राहिला. काय तो क्षण! देवपुजारी म्हणाला, “चलो, हेच ठेवू.”
मागे दारात अशोक, हातात डबा. केव्हाचा उभा होता कोण जाणे.
घरी येताना सायकल हातात धरून माझ्यासोबत चालला. मैदान ओलांडल्यावर म्हणाला, “बाबा, तो गेला काहून नाही?”
“राजाला विचार.”
हसला नाही. कुलूप उघडलं, दिवा लावला. पाठमोराच म्हणाला, “सकाळची बस आहे. तुमची बॅग भरली नाही मी अजून.”
मीही नाही.