शब्बाथचं मूल

विनथॉर्न, मॅसॅच्युसेट्स वसाहत
२३ ऑक्टोबर १६७६

प्रिय आई,

प्रभूच्या नावाने नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? चरबीचा लेप रोज लावत असाल, असं धरून चालते. तो लावताना तुम्ही नाक मुरडता हे मला माहीत आहे, पण लावा. आमच्याकडे मका घरात आला. भोपळे चिरून आढ्याला वाळत टांगले आहेत. लाल गाय आटली, त्यामुळे यंदा लोणी बेताचंच.

तुमचा नातू सुखरूप आहे. नाक तुमच्यावर गेलंय आणि भूक कुणावर गेली ते देव जाणे. दूध ओढताना मूठ अशी वळतो, जणू कुणी हिसकावून घेणार आहे. त्याला अजून नाव नाही, कारण त्याचा बाप्तिस्मा झालेला नाही.

तो रविवारी, ऐन शब्बाथला जन्मला, आई. आमचे पाळक क्रॅडकसाहेब या बाबतीत किती कडक आहेत ते तुम्ही ऐकून असाल. शब्बाथला जन्मलेलं मूल शब्बाथलाच पोटात राहिलेलं असतं, म्हणजे आईबापांनी देवाचा दिवस विटाळला. हे मीही लहानपणापासून ऐकत आले आहे आणि कधी त्यावर शंका घेतली नाही. तुमचे इथामार बाळाला घेऊन प्रार्थनाघरात गेले, तेव्हा पाळकांनी पाण्याच्या भांड्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आधी दोघांनी मंडळीपुढे उभं राहून पाप कबूल करायचं. मग पाणी."

तशी ही फार मोठी गोष्ट नव्हे. मागच्या वर्षी लोहार आणि त्याची बायको अशीच उभी राहिली होती. ती बया कबुली देताना हसू दाबत होती, तरी निभावून गेलं. मीही तयार होते. ओढ्यावर बायका मला चिडवत होत्या, "काय गं मेहिटेबल, देवाने सहा दिवस दिले होते, तेवढे पुरले नाहीत का?" मीही त्यांच्याबरोबर हसले. त्याच बायका आज मी दिसल्यावर घागर अर्धी सोडून निघून गेल्या.

कारण काल सभेत इथामार कबुली द्यायला उठले आणि त्यांनी भलतंच सांगितलं. म्हणाले, "गेला हिवाळाभर मी टेकडीवरच्या ठाण्यात पहाऱ्यावर होतो. घरी यायला सोडलं ते अधूनमधून बुधवारी. एकाही शब्बाथला मी माझ्या घरात नव्हतो. देवासमोर शपथ घेऊन सांगतो."

मान ताठ करून म्हणाले आणि खाली बसले. त्यांना वाटलं, आपण सुटलो. पाळकांनी पुस्तक मिटलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "इथामार, मूल शब्बाथचं आहे. तू शब्बाथला घरी नव्हतास. मग घरी कोण होतं?"

सगळे बाक माझ्याकडे वळले, आई. मी बाळाला छातीशी धरून उभी होते. मी तुमच्या मुलाकडे पाहिलं. ते आपल्या टोपीकडे पाहत होते.

मला येत्या शब्बाथपर्यंत मुदत दिली आहे. त्या दिवशी मंडळीपुढे स्टुलावर उभं राहून मी त्या पुरुषाचं नाव सांगायचं. नाही सांगितलं तर मला बॉस्टनच्या कोर्टात नेतील. लग्न झालेल्या बाईच्या या पापाला कायद्यात फाशी आहे. बाळाला कुणाच्या तरी घरी ठेवतील, आणि ते घर त्याला तो कसा जन्मला हे रोज ऐकवील.

तुम्ही विचाराल, मग खरं काय? सांगते. बाळ रडतंय, त्याला घेते आणि मग सांगते.

आता झोपलाय. आई, आमची लेक हॅना गेल्या जानेवारीत घशाच्या तापाने गेली, ते मी तुम्हाला कळवलं होतं. पण सगळं कळवलं नव्हतं. ती गेल्याचा निरोप मी ठाण्यावर पाठवला. कॅप्टनने सुट्टी नाकारली. लढाईचे दिवस, एकेक माणूस मोलाचा. त्या शनिवारी सूर्य मावळला, म्हणजे शब्बाथ लागला होता, आणि दार वाजलं. इथामार होते. न विचारता बर्फातून चालत आले होते. भुवया गोठल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी हॅनाचा झगा मागितला आणि तो तोंडावर धरून जमिनीवर बसले. आम्ही दोघं एकमेकांना धरून रडलो. सुखाची कसली इच्छा होणार तेव्हा, आई? दोघंही थंडीने आणि दुःखाने अर्धमेले झालो होतो. आमच्याजवळ एकमेकांखेरीज काही नव्हतं. उजाडायच्या आत ते परत गेले.

ठाण्याच्या फाटकाशी त्यांच्या जागी गेर्शम उभा राहिला होता. त्यांचा लहानपणापासूनचा मित्र. तुमच्या अंगणातली सफरचंदं चोरणारा तोच. आपला पहारा करून त्याने यांचाही केला. सकाळी तो फाटकाला टेकून बसलेला सापडला, बंदूक मांडीवर, अंग लाकूड झालेलं. कॅप्टन म्हणाला, बिचारा कर्तव्याच्या आवेशापायी आत आलाच नाही. इथामार त्याला उचलणाऱ्यांत होते आणि एक शब्द बोलले नाहीत.

म्हणून काल त्यांनी कबुली दिली नाही. दिली असती तर पहिला प्रश्न आला असता, कोणत्या शब्बाथला? आणि दुसरा, तेव्हा फाटकावर कोण होतं? बाप्तिस्म्याच्या घाईत मीही एवढा विचार केला नव्हता.

गेर्शमची बायको डोर्कस, एवढी एकच बाई अजून माझ्या दारात येते. काल संध्याकाळी मटणाचं पाणी घेऊन आली. म्हणाली, "सांगून टाक गं नाव. एका भेकड माणसापायी दोन जीव कशाला घालवतेस?" मी वाटी हातात घेतली. ती जाईपर्यंत तशीच धरून ठेवली.

मी बोलले तर कोण ऐकेल? शपथेपुढे बायकोच्या शब्दाची किंमत किती? म्हणतील, स्वतःचं झाकायला नवऱ्यावर घालतेय. पण हेही खरं कारण नाही. खरं कारण आज सकाळचं आहे. इथामार चुलीपाशी बूट घालत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "मेहिटेबल, खरं सांग. घरी कोण आलं होतं?"

आई, ते नाटक करत नव्हते. मी त्यांच्यासोबत इतकी वर्षं काढली आहेत, नाटक मला कळतं. त्यांनी ती रात्र मनातून खणून बाहेर टाकली आहे आणि त्या खड्ड्यात मला ढकललं आहे. फाशीची मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू, काल रात्रभर मान चाचपत बसले. पण त्या एका प्रश्नाने मी आतून मेले.

तुमच्या डोळ्यांना आता अक्षर दिसत नाही. माझी पत्रं तुम्हाला तेच वाचून दाखवतात. उद्या ते पिंपं विकायला तुमच्या इप्सविचला येतील, हे पत्र त्यांच्याच खिशात असेल. वाटेत लाख फोडून वाचणार नाहीत. असल्या बाबतीत तुमचा मुलगा फार प्रामाणिक आहे. तुमच्या खाटेवर बसून फोडतील. माझ्यापुढे दुसरा मार्ग उरला नव्हता, मला क्षमा करा.

तेव्हा आता मी तुमच्याशीच बोलते, इथामार. इथवर मोठ्याने वाचलंत, की भोपळ्यांपाशी थांबून आईंना पुढचं काहीतरी रचून सांगितलंत, ते मला इथे बसून कळणार नाही. पण तुमच्या डोळ्यांनी ते वाचलं आहे. आता कोण आलं होतं, असं मला विचारू नका.

पहारा सोडल्याचे फटके पडतील. पडू द्या, पाठ मी धुईन. डोर्कसच्या दारात जावं लागेल, तिथे मी तुमच्याबरोबर येईन, आणि ती तोंडावर थुंकली तर दोघांच्याही थुंकेल. गेर्शम तुमच्या पापाने मेला नाही, तो तुमच्या मुलीसाठी उभा राहिला होता. त्याच्यापायी तुम्ही मला मारू नका. मी तुमच्या पाया पडते. मला जगायचं आहे.

कागद खाली ठेवा. आईंचा हात धरा आणि त्या शनिवारी सूर्य मावळल्यावर तुम्ही कुठे होतात, ते तुमच्या तोंडाने सांगा. एकदा सांगितलंत की दुसऱ्यांदा सांगता येईल. शब्बाथच्या आत परत या.

येत्या शब्बाथपर्यंत तरी तुमचीच बायको,
मेहिटेबल