हळू केलं की बंद पडणारं इंजिन

आदरणीय संतोषदादा,

मल्हारीचा नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? वहिनींना आठवण सांगा, मुलांना आशीर्वाद. इकडे तुमची बहीण छाया ठणठणीत, म्हैस परवा व्यायली, आणि तुमच्या आई... आईंबद्दलच लिहायला बसलोय. (फोनवर सांगितलं असतं, तर तुम्ही "हो का, बरं" म्हणून ठेवून दिला असता.)

आमचं झेंडूचं रान धरणाच्या पाण्यापलीकडे. रस्त्याने चौदा किलोमीटरचा वळसा, पाण्यातून दहा मिनिटं. म्हणून उन्हाळ्यात मी मागे इंजिन लावलेली एक जुनी होडी घेतली. इंजिन जोरात सोडलं की पाणी कापत जायचं. पण काठ आला म्हणून हळू केलं की दोन उचक्या देऊन गप्प. आता होडी काठाला लावायची तर हळू करावीच लागते (ती काही बैलगाडी नाही, कासरा ओढला की थांबायला). मग मी अंदाजाने लांबूनच बंद करायचो. कधी तीस फूट अलीकडे थांबून कमरेएवढ्या पाण्यातून चालत यायचो, कधी थेट काठावर चढून शेजारच्या सोमाच्या भेंडीत जायचो. (सोमा भला माणूस, पहिल्या दोन वेळा काही बोलला नाही.) नाशिकहून मिस्तरी आणला. त्याने प्लग बदलला, पेट्रोल बदललं, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक तपासलं, आणि शेवटी एक स्क्रू असा पिळला की इंजिन बंदच पडेना. मात्र गिअर टाकताच होडी उसळली, ती पुढे गेली आणि मी मागे पाण्यात राहिलो. स्क्रू होता तिथे परत आणला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सूर्य वर येता येता, चाळीस क्रेट झेंडू घेऊन निघालो. अलीकडच्या काठावर टेम्पो उभा. माल नऊच्या आत पंचवटीच्या बाजारात पोचायला हवा. सगळं पीक त्या एका सकाळवर अवलंबून. फुलं दबू नयेत म्हणून आई स्वतः क्रेटजवळ बसल्या. (लग्नाला अठरा वर्षं झाली, आई माझ्याशी जेवायला वाढण्यापुरतंच बोलतात, हे तुम्ही जाणताच.) मध्यावर वाऱ्याने होडी मासेमारीच्या जाळ्यांत नेली. जोरात जावं तर जाळं पंख्यात गुंतणार, हळू केलं तर इंजिन गेलं. चार वेळा चालू केलं, चार वेळा गेलं. लांब काठावर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता आणि मला रडू यायच्या बेतात होतं.

तेवढ्यात आई म्हणाल्या, "जावईबापू, गिअर न टाकता चालू करा. जोरात करा. आता हळू."

इंजिन पुन्हा गेलं. आईंनी डोळे मिटून ते जाणं ऐकलं.

"जोरात चालतंय म्हंजी मोठी वाट मोकळी हाय. हळू चालायची बारीक वाट बुजलीय. पाना द्या."

मी पाना दिला. (दुसरं काय करणार?) मांडीवर पदर पसरून, एकही स्क्रू पाण्यात न जाऊ देता, त्यांनी हलत्या होडीत कार्बोरेटर सोडवला. आतून पेट्रोल सोडणारं तांदळाएवढं पितळी जेट काढलं. मी तत्परतेने शर्टाची पिन पुढे केली. "पिन नको, भोक मोठं व्हईल." क्रेट बांधायच्या जुन्या वायरीतून तांब्याचा एकच तंतू ओढला, आरपार घातला, फुंकर मारली आणि जेट सूर्याकडे धरून म्हणाल्या, "बघा."

मी बघितलं. सुईच्या टोकाएवढा एक उजेड होता. दादा, माझं चाळीस क्रेट पीक त्या उजेडाएवढ्या भोकावर अडलं होतं, आणि मी तीन महिने मिस्तरी शोधत फिरत होतो.

सगळं परत बसवलं. इंजिन हळू चाललं; म्हातारी माणसं जप करतात तसं, एका लयीत, न थांबता. जाळ्यांमधून वाट काढत आलो आणि होडी काठाला अशी टेकली की एक फूल हललं नाही. साडेआठला माल बाजारात होता.

येताना धीर करून विचारलं, हे कुठे शिकलात? पाण्याकडे बघत म्हणाल्या, "ह्यांची नजर लवकर गेली. बारीक कामं मीच करायची. दुकानाच्या पाटीवर नाव त्यांचंच राहू दिलं."

दादा, वणीच्या तुमच्या जुन्या दुकानात लांबलांबून पंप दुरुस्तीला यायचे, बाबांच्या हाताला तोड नाही म्हणायचे. आई डबा घेऊन जायच्या आणि दुपारभर तिथेच असायच्या. तुम्हाला माहीत होतं का हो? छायाला नव्हतं. ती ऐकल्यापासून आईंच्या हातांकडेच बघत बसते. मीही बघतो, चोरून.

तुमचा,
मल्हारी

ता. क. गेल्या महिन्यात मी कळवलं होतं की घर लहान पडतं, दिवाळीपासून आईंना तुमच्याकडे पुण्याला न्या. घर मोजून बघितलं, मोठं आहे. त्यांना इथेच राहू द्या, ही हात जोडून विनंती.

ता. क. २. आईंनी पत्र वाचलं. "मला कुनी इचारलं का?" म्हणाल्या. विचारलं. राहते म्हणाल्या, पण होडी त्या चालवणार. काल चालवली. इंजिन आता हळू चालतं, आई हळू चालवत नाहीत. तिकडे लाइफ जॅकेट मिळत असेल तर माझ्या मापाचं आजच कुरिअर करा.