क्राफ्टिंग हा माझाच विषय

६ एप्रिल, रविवार

आजपासून रोजनिशी. नवीन विषय शिकायला घेतला की रोजची प्रगती लिहून ठेवावी, असं मी नोकरीभर शाळेतल्या पोरांना सांगितलं. पोरांनी ठेवली नाही. त्यातले निम्मे आज हिवरखेडच्या स्टँडवर दिवसभर बसलेले असतात.

विषय: झॉम्बींचा कॉम्प्युटर गेम. पुतण्या नितेश काल अकोल्याला येऊन गेला. नांदगाव पेठेत कापडाच्या कंपनीत आहे. लग्न जमत नाही, तोंड पाहिलं की कारण कळतं. त्याच्याकडून समजलं की तो, त्याचा अमरावतीचा दोस्त शाकीब आणि आमची रागिणी दर रविवारी चार वाजता हा गेम एकत्र खेळतात. कानाला हेडफोन लावून, गप्पा मारत, तीन-तीन तास. रागिणी बंगळूरला नोकरीला आहे. रविवारी सकाळी घरी फोन करते तेव्हा माझ्या वाट्याला एवढंच: बाबा, गोळ्या घेता ना, आईला द्या.

मी गेम शिकतोय तो मेंदूच्या व्यायामासाठी. रागिणीचा त्यात काही संबंध नाही.

नितेशला विचारलं, करायचं काय असतं? म्हणाला, सामान जमा करा, त्याच्यापासून वस्तू बनवा, याले क्राफ्टिंग म्हणतात, ते जमलं की मंग झॉम्बीचं भेव नाई. मला हसूच आलं. शाळेत कार्यानुभव कोणी शिकवला? खडू, मेणबत्त्या, फिनाईल, कागदी पिशव्या. संकल्प: पंधरा दिवसांत तिघांच्या पुढे.

८ एप्रिल

रागिणीच्या जुन्या लॅपटॉपवर नितेशने शनिवारीच गेम टाकून दिलाय. अट घातली: मोठेबाबा, पयले एकटे खेळा, लेव्हल पाच झाली की सांगा, मंग आमच्यात घेतो. म्हणजे माझी परीक्षा हा घेणार. याला चौथीत पोळ्याचा मातीचा बैल मी करून दिला होता.

सुरू केलं. चालायचं बटण सापडेपर्यंत मेलो. सापडल्यावरही मेलो.

९ एप्रिल

पहिली वस्तू कुऱ्हाड. दगड, काठी, दोर. दोरासाठी गेम म्हणतो कापड फाडा. साफ चूक. दोर अंबाडीचा करतात. गेमवाल्यांना इंग्रजीत सविस्तर मेल लिहिला. तोवर अंबाडी शोधत जंगलात फिरलो, सापडली नाही. शेवटी अंगातला शर्ट फाडला. दोर झाला, कुऱ्हाड व्हायच्या आत उघड्या अंगाने मेलो.

मेलचं उत्तर नाही. मोठ्या कंपन्यांना चूक दाखवलेली आवडत नाही.

१२ एप्रिल

कौशल्या म्हणाली, नळाची चकती बदला म्हणून महिन्यापासून सांगून राहिली, अन् तुमी तिथं कुऱ्हाडी करून राहिले. तिला समजावलं की नळ हा प्लंबरचा विषय आहे. ती उठून नळाखाली बादली ठेवून आली. पटलं असावं.

१६ एप्रिल

लेव्हल दोन!

आणि मेणबत्तीची रेसिपी सापडली. चरबी आणि सुतळी. माझा हुकमी आयटम. तालुक्याच्या प्रदर्शनात माझ्या मेणबत्त्या पाहायला बीडीओ साहेब थांबले होते. पाऊस होता म्हणून थांबले असं मुख्याध्यापक म्हणाले, पण तो माणूस कुजका होता. गेल्या वर्षी वारला.

२० एप्रिल, रविवार

सकाळी नितेशला फोन केला, लेव्हल पाच झाली म्हणून कळवलं. हे खोटं नाही. दोनाची पाच होणं हा फक्त वेळेचा प्रश्न आहे.

चार वाजता आत घेतलं. एका पडक्या गोदामात तिघांचं बस्तान आहे, त्याला बेस म्हणतात. हेडफोन लावले तर रागिणी हसत होती. शाकीब काहीतरी बोलला होता आणि ती नुसती हसत सुटली होती. घरात ती इतकं कधी हसल्याचं मला आठवत नाही. मी ऐकत राहिलो. फार बरं वाटलं.

मग नितेश म्हणाला, मोठेबाबा आले. हसणं थांबलं. रागिणीने विचारलं, बाबा, तुमी? मी म्हटलं, चालू द्या तुमचं. आणि कुऱ्हाड अशी धरत नाहीत, हेही सांगितलं. ती बरं म्हणाली.

तिघं सामान आणायला बाहेर गेले. मला सांगून गेले, कशाले हात लावू नका. पेटीत चरबी भरपूर. तीन महिन्यांपासून जमवत होते, जखमेवरच्या मलमासाठी. मी विचार केला, पोरांना सरप्राइज द्यावं. सगळ्या चरबीच्या मेणबत्त्या केल्या आणि खिडकीखिडकीत लावल्या. देखावा अप्रतिम.

झॉम्बी उजेडाकडे येतात हे मला कोणीही सांगितलेलं नव्हतं.

पोरं परत आली ती त्यांच्या घोळक्यातच शिरली. शाकीब मेला, त्याचं सगळं सामान गेलं. मलमाअभावी नितेश मेला. शाकीब म्हणाला, सर, ये क्या कर दिया आपने. लगेच सॉरीही म्हणाला. पोरगा संस्कारी आहे. रागिणी सरळ गेममधून निघून गेली. नेट गेलं असेल.

२१ एप्रिल

शांतपणे विचार केला. दोष नितेशचा. खिडक्यांना पडदे नको?

२७ एप्रिल, रविवार

आज मला जबाबदारीचं काम मिळालं. गेट. नितेश म्हणाला, मोठेबाबा, तुमी आता काईच बनवू नका, गेटच्या बाहेर उभे राहा फक्त. कल्पना रागिणीची. ती शाकीबला सांगत होती ते मी ऐकलं: बाबांना बाहेर ठेवू, झॉम्बी आधी त्यांच्यावर जातील, तेवढ्यात आपण मागच्या दारानं निघू. म्हणजे सर्वांत अनुभवी माणूस सर्वांत पुढे. पोरीने बरोबर ओळखलं. माझ्यावर गेली आहे.

तीन तास मरत होतो. उठायचं, गेटवर यायचं, मरायचं. मागच्या दाराने तिघं सुखरूप जा-ये करत होते. योजना शंभर टक्के यशस्वी.

एकच अडचण. या गेममध्ये जवळ असलेल्याचाच आवाज ऐकू येतो. गेटवर आतलं काही ऐकू येत नाही.

२८ एप्रिल

अडचण किरकोळ आहे. मला काय गप्पा ऐकायच्यात?

२९ एप्रिल

चौकशी केली. रेडिओ बनवता येतो. एक आपल्याजवळ, एक समोरच्याजवळ, मग कितीही लांबून बोलणं ऐकू येतं. पण त्याला खरोखरची लेव्हल पाच लागते.

संकल्प: रेडिओ. दोन. एक माझा, एक रागिणीचा.

४ मे, रविवार

गेटवर होतो. भिंतीला अगदी चिकटून उभं राहिलं तर थोडं ऐकू येतं. रागिणी म्हणत होती की नवीन मॅनेजर चांगली आहे, आणि खोली बदलायची आहे. यातलं काहीच मला माहीत नव्हतं. पुढचं ऐकणार तेवढ्यात झॉम्बीने मागून येऊन मारलं.

८ मे

ऊन रस्त्यावर पाय ठेवू देत नाही. कूलरसमोर बसून सकाळ-दुपार काम. अंबाडीचा नाद सोडला, गेम सांगतो तसं करतो. कापड फाडून दोर, दोराने कुऱ्हाड, कुऱ्हाडीने लाकूड, लाकडाचं टेबल. लेव्हल तीन. कौशल्याने विचारलं, पोरीशी बोलायचं असन तर फोन काहून नाई करत? बाई माणसाला टेक्निकल गोष्टी कळत नाहीत.

तरी फोन केला. रागिणीने उचलला. काय बोलावं ते सुचेना. बंगळूरचं तापमान विचारलं.

११ मे, रविवार

गेटवर गेलो तर आत सामसूम. सातपर्यंत थांबलो. मदर्स डे होता म्हणे, तो साजरा करत असतील. कौशल्याला रागिणीचा फोन सकाळीच येऊन गेला होता.

१५ मे

लेव्हल चार. आज पडक्या दवाखान्यातून तार आणि बॅटरी आणली. जिवंत परत आलो, पहिल्यांदाच. हे कोणाला तरी सांगावंसं वाटलं. कौशल्याला सांगितलं. म्हणाली, मंग नळाची चकतीही आणाची होती तिथून.

१८ मे, रविवार

पुन्हा आत कोणी नाही. नितेशला फोन लावला. मागे शाकीबचा आवाज होता आणि गोळ्या झाडल्याचा. नितेश म्हणाला, सध्या टाइमच नाई भेटून राहिला मोठेबाबा, तुमीच सांभाळा बेस. म्हणजे पूर्ण बेस माझ्याकडे. इतका विश्वास.

कौशल्याचं मत वेगळं. म्हणाली, ते तिघं कवाचेच दुसऱ्या सर्व्हरवर खेळाले गेले, रागिणीनं मले सांगतलं, अन् बाबाले सांगू नको म्हणे. तिला म्हटलं, सर्व्हर म्हणजे काय ते तरी माहीत आहे का तुला? म्हणाली, नाई. मग झालं तर. अर्धवट ऐकून काहीही पसरवते. पोरीचा ऑफिसचा सर्व्हर असेल.

जेवलो नाही. उकाडा फार होता.

२३ मे

लेव्हल पाच! कोणाची मदत नाही, खोटेपणा नाही. संध्याकाळपर्यंत दोन्ही रेडिओ तयार. खूप आनंद झाला. नितेशला मेसेज टाकला. दोन निळ्या खुणा आल्या. वाचून भारावला असणार.

२५ मे, रविवार

चार वाजता गेटवर हजर. रागिणीचा रेडिओ आत, ती बसायची त्या खोक्यावर, चालू करून ठेवला. माझा कानाशी.

एक झॉम्बी आला. मी आत होऊन गेट लावलं, तर तो पलीकडे नुसता उभा राहिला. मी त्याला मारलं नाही.

सातपर्यंत थांबलो. रेडिओ उत्तम झालाय, खरखर अजिबात नाही. आत कोणी बोललं की लगेच ऐकू येईल.