बाबाजीचे डोळे

२८ सप्टेंबर

बाबाजी गेला. कोलाडच्या नाक्यावर, स्वतःच्या चहाच्या टपरीत, गल्ल्यावर बसल्या बसल्या. हार्ट अटॅक.

मला कळलं ते शाळेच्या ग्रुपवरून. पहिला मेसेज – ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. दुसरा – ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. तिसरा – ‘हॅपी बर्थडे भावा, जियो हजारो साल!’ फोटो दिसला की शुभेच्छा, वाचायचं कोणी? मला हसू फुटलं आणि हसता हसता रडू आलं. तो असता तर त्याने ‘थँक्यू’ टाकलं असतं.

३० सप्टेंबर

रोह्याला त्याच्या आईला, काशीबाईंना भेटून आले. रस्त्यात फ्लेक्स लागलासुद्धा! हैबतरावाचा फोटो पुरुषभर उंच, बाबाजी कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा. खाली ‘शोकाकुल’ म्हणून बाकीच्यांचे हसरे चेहरे. हैबतराव आमच्याच वर्गातला. सध्या नगरपालिकेचं तिकीट मिळवण्याच्या खटपटीत आहे. गेलं कोण हे त्या फ्लेक्सवर शोधावं लागतं.

३ ऑक्टोबर

हैबतरावाचा फोन. “अनिता, पेणला तुमचा गणपतीचा कारखाना हाय ना? बाबाजीचा अर्धपुतळा पायजे. शाळेच्या आवारात लावू. टपरीवर सगला तालुका चहा प्यायचा त्याच्या हातचा. मानसं जोडलेली पोरानं!” म्हणजे मतं जोडलेली. “एवढे गणपती करता, मानूस काय अवघड?”

मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, “गणपतीला कोणी पाहिलेलं नसतं. माणसाला सगळ्यांनी पाहिलेलं असतं.” पण काम घेतलं. मीच घ्यायला लावलं.

७ ऑक्टोबर

हैबतरावसाहेबांची सूचना आली – डोळे सरळ हवेत!

बाबाजी तिरळा होता. शाळेत रोज काहीतरी खोड्या करायचा आणि रोज फळ्याजवळ कान धरून, आमच्याकडे तोंड करून उभा राहायचा. मी पहिल्या बाकावर, शकू माझ्या उजव्या हाताला. त्याचा डावा डोळा जो बाहेर सरकायचा तो थेट शकूवर! सगळा वर्ग चिडवायचा, मीसुद्धा. पुढे त्याने लग्न केलं नाही, तेव्हाही सगळे म्हणाले, शकूपायी राहिला. शकू सांगलीला सुखात आहे. तिने परवा ग्रुपवर जोडलेले हात टाकले, दोन जोड्या.

आता हे पान कोणी वाचत नाही म्हणून लिहिते. मला तो फार आवडायचा. फार! त्याने एकदा तरी माझ्याकडे बघावं म्हणून रोज वेगळ्या रंगाची रिबीन बांधून जायचे. आई ओरडायची, “शाळंत जातंस का जत्रंत?” आणि हा बघणार शकूकडे! हे सगळं ह्यांच्याशी लग्न व्हायच्या कितीतरी आधीचं. तरी लिहिताना कान गरम झाले.

१६ ऑक्टोबर

ह्यांनी चेहरा घडवला. गाल जरा भरले. हाताला सवय लंबोदराची! रंग झाल्यावर डोळ्यांची आखणी नेहमीप्रमाणे माझ्याकडे. सांगितल्याप्रमाणे सरळ काढले. कुंचला उचलला तशा कारखान्यातल्या बाया ओरडल्या, “गणपती बाप्पा मोरया!” डोळे उघडले की ओरडायचं, एवढंच त्यांना माहीत. बाबाजीला नैवेद्यही दाखवला असता.

हैबतराव बघून गेला. “एकदम सात्त्विक!” मग पुतळ्याशेजारी उभा राहून, आपली कोणती बाजू बरी दिसते ते तीनतीनदा तपासलं.

२७ ऑक्टोबर

दिवाळी उरकल्यावर हैबतरावानेच काशीबाईंना गाडीतून आणलं. सोबत फोटोवाला. म्हातारी पुतळ्यासमोर बराच वेळ उभी राहिली.

“सुरेख हाय गो. पन ह्यो कोन?”

“आये, आपला बाबाजी!” हैबतराव.

“माजा बाबाजी चकना व्हता. ह्यो सरल बघतंय.”

“गेलेल्या मानसाला चकना कसा दाखवायचा? लोक हसतील!”

“हसूं दे ना. त्यानं काय जल्मभर रडवलं लोकांना?”

फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला. जाताना काशीबाईंनी माझा हात धरला. “त्याचं डोलं त्याला परत दे गो. डावा बाहेर. त्या डोल्यानं त्याला दिसत नव्हतं, ल्हानपनी गोवरात गेलेला. बघायचा उजव्यानंच. पन कुनाला सांगायचा नाय. म्हनायचा, आये, चकना म्हंतात तेवडं बास, काना नको.”

बेंचवर बसलेल्या आम्हाला कधी कळलंच नाही. हैबतराव गाडीचा हॉर्न वाजवत होता.

५ नोव्हेंबर

आचारसंहिता लागली! अनावरण लांबणीवर. पुतळा कापडात गुंडाळून आमच्याच कोपऱ्यात, यंदा न गेलेल्या दोन गणपतींच्या शेजारी.

१५ नोव्हेंबर

हैबतरावाचं तिकीट कापलं. लगेच ग्रुप सोडून गेला. ह्यांनी पुतळ्याचं विचारायला फोन केला तर म्हणे, “कसला पुतला?” भावपूर्ण श्रद्धांजली!

हे म्हणाले, “आता हवे तसे डोळे काढ. मागणारं कोण उरलंय? काशीबाईंच्या ओटीवर नेऊन ठेवू.”

१८ नोव्हेंबर

आज डोळे पुसले. उजवा सरळ काढला. मग डावा, बाहेर सरकलेला. एकदम बाबाजी! आत्ता उठून काहीतरी चावट बोलेल असा.

आखणी झाली की मूर्तीसमोर, जिथे पूजेला बसतात तिथे बसून नजर तपासायची, ही आमची रीत. मी पाटावर बसले. रंग कालवणारी करिश्मा येऊन माझ्या उजव्या हाताला टेकली. बघितलं आणि लाजलीच. “काकी, ह्यो माज्याकडं बघतंय!”

“तो डोळा बघत नाही गो,” मी सहज म्हटलं.

म्हटलं, आणि पाटावरून उठवेना.

१९ नोव्हेंबर

डावा शकूवर असायचा, न बघणारा. बघणारा उजवा सरळ समोर. समोर मी बसायचे.

म्हणजे रिबिनी त्याला दिसल्या होत्या. सगळ्या.