बारा जणांची चार टेबलं

रिबे, २ मे १९७४

चि. आयनारला थोराताईचे अ. उ. आ.

आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाची मांडामांड तू अंगावर घेतलीस, हे वाचून धन्य झाले. सांगणं एकच: बारा-बारा जणांची चार लांब टेबलं सांग. सिग्ने एका टोकाला, मी दुसऱ्या. बाबांच्या दफनाला न आलेल्या धाकट्या बहिणीचं तोंड मला बघायचं नाही, आणि आईच्या दिवशी तमाशाही नको. एवढं तरी नीट कर.

प्रकृती आणि माझ्यावरची माया, दोन्ही जप.

थोरा


ऑर्हुस, ७ मे

ती. थोराताईस सा. न. वि. वि.

चौघांची बारा टेबलं सांगितली आहेत. उगाच धसका घेऊ नकोस. चार गुणिले बारा काय, बारा गुणिले चार काय, उत्तर अठ्ठेचाळीसच. क्रम उलटा केला म्हणून एकही पाहुणा उपाशी राहत नाही. शाळेत मी वर्षानुवर्षं हेच शिकवतोय. अजून कुणाच्या ताईची तक्रार आलेली नाही.

पहिल्या टेबलावर आई, तू, सिग्ने आणि मी. नावांची कार्डं आईनेच लिहिली आहेत, तेव्हा रागवायचंच तर तिच्यावर रागाव.

लोभ आहे तेवढा टिकव. वाढवण्याचा आग्रह नाही.

आयनार


रिबे, २० मे

गणितमहर्षी आयनार यांस आशीर्वाद, नाइलाजाने.

पाहुणे अठ्ठेचाळीसच भरले, अभिनंदन! लांब टेबलावर ग्लास उंचावून 'स्कोल' म्हणताना नजर कुणाकडेही वळवता येते. चौघांत कुठे वळवणार? पिण्याआधी एकमेकांच्या डोळ्यांत बघायचंच, ही आईची आपल्या लहानपणापासूनची सक्ती. तिने ग्लास उचलला. तुझ्याकडे बघावं, तर तू बटाट्यांत डोकं खुपसून बसलेला, लबाड कुठला. मग सिग्नेकडे बघावंच लागलं.

तिचे डोळे थेट बाबांचे रे. मला भरून आलं, आणि तिला माझ्याआधी. तू केक आणायला पळालास तेव्हा तिने सांगितलं की दफनाच्या दिवशी ती स्टेशनपर्यंत आली होती. बाबांना शवपेटीत बघायचं धाडस होईना, म्हणून तिथूनच परत फिरली. आईला ठाऊक होतं. मी मात्र घरात तिचं नावही काढू देत नव्हते.

येत्या रविवारी सिग्ने माझ्याकडे राहायला येतेय. तुला बोलावलेलं नाही. आम्हाला बाबांसाठी एकत्र रडायचंय, ते राहून गेलंय. तू सोमवारी ये.

लोभ वाढलाय, पण हुरळून जाऊ नकोस.

थोरा